रस्त्यापलीकडचें विद्यालय

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागांत मॉर्निंगसाइड हाइट्स नांवाचें एक टेकाड आहे. त्या टेकाडावर कोलंबिया विद्यापीठ वसलेलें आहे, आणि विद्यापीठाच्या मुख्य आवाराला उत्तरेकडून लागून १२० वा रस्ता जातो. शहरांतील इतर रस्त्यांहून या रस्त्यांत विशेष असें कांहीं नाहीं. तरुण विद्यार्थी तो अर्ध्या मिनिटांत ओलांडून जातात. तरी पण तेथील पंडितवर्गांत पुष्कळ वर्षांपासून असा विनोद रूढ आहे कीं, जगांतील सर्वांत रुंद रस्ता कोणता असेल तर तो हाच. कारण रस्त्याच्या दक्षिणेस तत्त्वज्ञान, इतिहास, पदार्थविज्ञान इत्यादि कुलीन शास्त्रांचीं दालनें आहेत, आणि उत्तरेस आहे टीचर्स कॉलेज. मुलांना कसें शिकवावें, आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, कुटुंबाचा आहार कसा असावा, असल्या घरगुती म्हणून गणल्या गेलेल्या प्रश्नांना तेथें शास्त्राचा दर्जा देण्यांत आला. विद्येच्या क्षेत्रांतही पंक्तिप्रपंच असतो, आणि हा रस्ता म्हणजे अशा दोन पंक्तींमधील अंतर होय.

टीचर्स कॉलेज आज शिक्षण, आरोग्य व मानसशास्त्र या तीन विषयांचें पदव्युत्तर विद्यालय म्हणून ओळखलें जातें. त्याचें विश्वस्तमंडळ निराळें, अध्यक्षपद निराळें, जमाखर्च निराळा. पदवी मात्र कोलंबिया विद्यापीठाची. एकाच वाड्यांत राहून वेगळी चूल मांडणाऱ्या भावासारखी ही व्यवस्था आहे. परंतु या व्यवस्थेपेक्षां अधिक कुतूहल वाटावें असा प्रश्न दुसराच आहे. शिक्षण, आरोग्य आणि मानसशास्त्र हीं तीन नांवें एकाच पाटीवर कशीं आलीं? आपल्याकडे शिक्षकाचें कॉलेज एका गल्लींत, परिचारिकांचें रुग्णालयाच्या मागल्या अंगास, आणि मानसशास्त्र कलाशाखेच्या तिसऱ्या मजल्यावर, अशी वांटणी बहुतेकांच्या अंगवळणीं पडली आहे. न्यूयॉर्कच्या या कॉलेजांत मात्र तीं तीन दालनें एका छपराखालीं आलीं, आणि तींही कोणा मुत्सद्द्याच्या योजनेनें नव्हे. त्या हकीकतीचा आरंभ एका खेळण्यांतल्या झाडूपासून होतो.

१८८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत परदेशांतून आलेल्या कुटुंबांची दाटी झाली होती. त्यांच्या मुलींना घरकामाचें वळण लागावें म्हणून एमिली हंटिंग्टन या बाईंनीं एक युक्ति काढली होती. फ्रोबेलच्या बालोद्यानांत जसें गाण्यांतून व खेळण्यांतून शिकवितात, तसें या मुलींना चिमुकले झाडू, चिमुकल्या ताटल्या आणि बाहुलीचे बिछाने देऊन गात गात घरकाम शिकवावयाचें. 'किंडरगार्टन' या जर्मन शब्दावरून तिनें या पद्धतीला 'किचन गार्डन' असें नांव दिलें. इंग्रजींत त्याचा दुसरा अर्थ परसांतला भाजीचा वाफा असाही होतो. या कार्यासाठीं १८८० मध्यें जी मंडळी निघाली तिच्या पुढाऱ्यांत ग्रेस हॉडली डॉज ही एका श्रीमंत व्यापाऱ्याची चोवीस वर्षांची कन्या होती. तिला स्वतःला विद्यापीठाचें शिक्षण मिळालेलें नव्हतें. व्यवहाराची दृष्टि मात्र तिच्यापाशीं भरपूर होती. चार वर्षांत त्या मंडळीचें रूपांतर औद्योगिक शिक्षणाच्या संस्थेंत झालें. मुलींच्या जोडीला मुलगे आले, झाडूच्या जोडीला सुतारकाम आलें. मग अडचण उभी राहिली ती ही कीं, हें सारें शिकविणार कोण? हातानें काम करणारा कारागीर शिकवूं जाणत नाहीं, आणि शिकवूं जाणणाऱ्याला हातानें काम करतां येत नाहीं. त्या अडचणींतून १८८७ मध्यें शिक्षक तयार करणारें एक विद्यालय निघालें, त्याला जोडून एक सराव पाठशाळा निघाली, आणि १८९२ पासून त्या विद्यालयाला टीचर्स कॉलेज हें नांव मिळालें.

या विद्यालयाच्या प्रमुखपदीं ग्रेस डॉजनें आणला तो निकोलस मरे बटलर हा पंचविशींतील तत्त्वज्ञानाचा अध्यापक. पुढें हाच गृहस्थ १९०२ ते १९४५ पर्यंत कोलंबिया विद्यापीठाचा अध्यक्ष होता. त्याच्या आधीं कोलंबियाचे अध्यक्ष फ्रेडरिक बार्नार्ड यांनीं शिक्षणशास्त्र हा विषय विद्यापीठांत शिकवावा अशी सूचना १८८१ च्या सुमारास केलेली होती. विश्वस्तांनीं ती मानली नाहीं. पुढें कॉलेजानेंच विद्यापीठांत सामील होण्याची विनंति केली, तेव्हां विश्वस्तांचें उत्तर काय होतें याची हकीकत त्या कॉलेजाच्या इतिहासांत नेहमीं सांगितली जाते. शिक्षण असा कांहीं विषयच नाहीं, हा पहिला आक्षेप. आणि तो विषय घेतल्यास विद्यापीठांत स्त्रिया येतील व त्या तेथें नकोत, हा दुसरा. पहिला आक्षेप दाखविण्याचा आणि दुसरा खरा, असा संशय घेतल्यास तो अगदींच अनाठायीं होणार नाहीं. कारण जो विषय अस्तित्वांतच नाहीं त्याच्या शिक्षणासाठीं स्त्रियांची गर्दी होण्याची भीति कोणी कशाला बाळगावी?

कॉलेज मात्र थांबलें नाहीं. जॉर्ज व्हँडरबिल्ट यानें दिलेल्या जागेवर १८९४ मध्यें तें १२० व्या रस्त्यावर येऊन बसलें. गंमत अशी कीं, खुद्द कोलंबिया विद्यापीठ त्या टेकाडावर राहावयास आलें तें त्यानंतर तीन वर्षांनीं. म्हणजे रस्त्याच्या पलीकडे कोण होतें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. १८९८ मध्यें करार होऊन कॉलेज विद्यापीठाचें अंग बनलें, आणि त्याच सुमारास जेम्स अर्ल रसेल याच्याकडे डीनपद आलें. तें त्यानें १९२७ पर्यंत सांभाळलें. माणसें हेरण्याचा त्याला विलक्षण नाद होता. शिक्षकाच्या धंद्याला ज्या ज्या ज्ञानाची गरज पडेल तें तें आपल्या छपराखालीं आणावयाचें, मग विद्यापीठांतील पंडित त्याला शास्त्र म्हणोत वा न म्हणोत, असें त्याचें धोरण होतें.

या धोरणांतून आरोग्याचें दालन उघडलें. त्या काळीं परिचारिकेचें शिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणीं रुग्णालयाला मिळालेली स्वस्त चाकरी असे. शिकाऊ मुलीनें दिवसाचे दहा-बारा तास राबावें, रात्रीं थकलेल्या डोळ्यांनीं एखादें व्याख्यान ऐकावें, आणि याला शिक्षण म्हणावें. मेरी अॅडलेड नटिंग ही कॅनडांत जन्मलेली परिचारिका बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या परिचारिका-विद्यालयाची प्रमुख असतांना तिनें तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि आठ तासांची पाळी सुरू करून या रीतीला पहिला धक्का दिला. इकडे टीचर्स कॉलेजनें १८९९ मध्यें परिचारिका-विद्यालयांच्या प्रमुखांसाठीं एक छोटा अभ्यासक्रम सुरू केला होता. त्याचें नांव रुग्णालयाचें अर्थकारण असें रुक्ष ठेवलेलें होतें. १९०७ मध्यें नटिंग या कॉलेजांत प्राध्यापक म्हणून आली. विद्यापीठांत प्राध्यापकपद मिळालेली जगांतील पहिली परिचारिका ती हीच. १९१० मध्यें हेलन हार्टली जेन्किन्स या बाईंच्या देणगींतून शुश्रूषा व आरोग्य यांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, आणि त्यांत रुग्णालयाबाहेरच्या, म्हणजे शाळांतल्या व वस्त्यांतल्या परिचारिकेच्या शिक्षणाला प्रमुख स्थान मिळालें.

शाळेचा आणि परिचारिकेचा संबंध काय, असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं १९०२ मधील न्यूयॉर्कची स्थिति ध्यानांत घ्यावी. त्या काळीं डॉक्टर शाळांत जाऊन मुलांची तपासणी करीत. कोणाला खुपऱ्या झालेल्या, कोणाला नायटा, कोणाच्या डोक्यांत उवा. अशा मुलांना घरीं पाठविलें जाई. घरीं पाठविलें म्हणजे डॉक्टरांचें काम संपलें. आईबाप दिवसभर कामावर, चिठ्ठीवर लिहिलेली भाषा त्यांना वाचतां येत नसे, औषधाला पैसा नसे. मूल दिवसभर रस्त्यावर त्याच सोबत्यांशीं खेळे, आणि रोग होता तेथेंच राही. लिलियन वॉल्ड या परिचारिकेनें हेन्री स्ट्रीटवरील आपल्या सेवागृहांतून लिना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत एक महिना प्रयोगासाठीं पाठविलें. तिनें मुलांना शाळेंतच मलमपट्टी केली, आणि संध्याकाळीं घरोघर जाऊन आयांना रोगाची माहिती सांगितली. गैरहजेरी इतकी घटली कीं, शहरानें लौकरच शाळांसाठीं परिचारिका नेमण्यास सुरुवात केली. ही वॉल्ड टीचर्स कॉलेजांतील नव्या विभागाच्या उभारणींत नटिंगची सहकारी होती. जें मूल वर्गांतच नाहीं त्याला कोणत्या पद्धतीनें शिकवावें, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. आणि तें वर्गांत कां नाहीं याचें उत्तर अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथांत सांपडत नाहीं. शिक्षण व आरोग्य हीं दोन नांवें एका पाटीवर आलीं तीं अशा अनुभवांतून.

त्याच ओघांत आहारशास्त्र आलें. येल विद्यापीठांतून १९०९ मध्यें शरीररसायनांत डॉक्टरेट घेऊन मेरी स्वार्ट्झ रोज ही कॉलेजांत आहारशास्त्र शिकवूं लागली. स्वयंपाकघरांतील वाटी-चमचा आणि प्रयोगशाळेंतील तराजू यांची गांठ घालून देण्याचें काम तिनें जन्मभर केलें. बालशिक्षणाच्या विभागांत १९०५ पासून पॅटी स्मिथ हिल ही बाई होती. आडव्या पडून रांगणाऱ्या मुलालाही आंत बसतां येईल अशीं घरें रचण्याजोगे मोठे लांकडी ठोकळे तिनें बालवर्गांसाठीं तयार केले. फ्रोबेलच्या शिष्यांनीं मुलांच्या हातीं दिलेले इवलेसे ठोकळे आणि ते मांडण्याचे ठराविक नियम तिला जाचक वाटत. तिची आणखी एक कृति मात्र सर्व श्रोत्यांच्या घरीं येऊन पोहोंचलेली आहे. वाढदिवसाच्या केकपुढें जें इंग्रजी गाणें हल्लीं मुंबई-पुण्यांतील मुलेंही म्हणतात, त्याची चाल पॅटीची बहीण मिल्ड्रेड हिची. १८९३ मध्यें छापल्या गेलेल्या मूळ गाण्याचे शब्द पॅटीचे होते, आणि तें वाढदिवसाचें नसून सकाळीं वर्गांत आलेल्या मुलांना नमस्कार करण्याचें होतें.

आतां मानसशास्त्राकडे वळावयाचें. या दालनाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि तींत अभिमान व लाज दोन्ही आहेत. एडवर्ड थॉर्नडाइक १८९९ मध्यें कॉलेजांत आला तेव्हां त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. विद्यार्थिदशेंत त्यानें कोंबडीच्या पिलांवर प्रयोग केले. घरमालकिणीनें त्यांस मनाई केल्यामुळें त्याचे गुरु विल्यम जेम्स यांनीं आपल्या घराचें तळघर त्याला दिलें. पुढें कोलंबियांत त्यानें मांजरांवर प्रयोग केले, आणि ते जगप्रसिद्ध झाले. भुकेलें मांजर लांकडी पेटींत कोंडावयाचें, बाहेर खाद्य ठेवावयाचें, आणि आंतील दोरी ओढली किंवा खुंटी दाबली म्हणजे दार उघडेल अशी योजना करावयाची. मांजर ओरबाडतें, चावतें, धडपडतें, आणि योगायोगानें दोरी ओढली जाते. पुनः कोंडलें कीं तीच धडपड, पण थोडी कमी वेळ. थॉर्नडाइकनें घड्याळ लावून प्रत्येक वेळेची नोंद केली आणि त्यावरून असा निष्कर्ष काढला कीं, मांजराला एकाएकीं युक्ति सुचत नाहीं. ज्या हालचालीचें फळ सुखकर होतें ती हळूहळू पक्की होते आणि बाकीच्या गळून पडतात. महाराष्ट्रांतील अध्यापक-विद्यालयांत शिकलेल्या प्रत्येक शिक्षकानें प्रयत्न-प्रमाद पद्धति आणि तयारीचा, सरावाचा व परिणामाचा असे तीन नियम परीक्षेसाठीं घोकलेले असतात. त्या नियमांचें मूळ गांव १२० वा रस्ता हें होय. घोकून पाठ केलेला परिणामाचा नियम परीक्षेनंतर किती जणांच्या ध्यानांत राहतो, हा निराळा विषय.

थॉर्नडाइकची श्रद्धा मोजमापावर होती. १९२१ मध्यें त्यानें इंग्रजी पुस्तकांतून वारंवार येणाऱ्या दहा हजार शब्दांची मोजून यादी केली, आणि क्रमिक पुस्तकें लिहिणाऱ्यांना ती दीर्घकाळ उपयोगीं पडली. वाचन, हस्ताक्षर, गणित यांच्या मापनाच्या पट्ट्या या कॉलेजांतून निघाल्या. शिक्षकाच्या लहरीवर मुलाचें भवितव्य सोंपविण्यापेक्षां सर्वांना एकच माप लावावें, हा विचार एका अर्थीं न्यायाचाच होता. पण माप लावणाऱ्याच्या मनांतील समजुती मापांत उतरतात. बुद्धि ही मुख्यतः जन्मजात असून ती वंशपरत्वें उच्चनीच असते अशी थॉर्नडाइकची धारणा होती, आणि 'चांगल्या' वंशांचीच पैदास वाढवावी या त्या काळच्या मताचा तो पुरस्कर्ता होता. स्त्रियांविषयीं त्याचें मत असें कीं, सरासरी बुद्धींत त्या पुरुषांच्या बरोबरीच्या असल्या तरी त्यांच्यांत वैचित्र्य कमी. अत्यंत बुद्धिमान आणि अत्यंत मंद हीं दोन्ही टोकें पुरुषांतच अधिक आढळतात. म्हणून स्त्रियांनीं शिक्षिका, परिचारिका असल्या व्यवसायांकडे वळावें. हें मत जेथें मांडलें गेलें तें कॉलेज शिक्षिकांनीं व परिचारिकांनींच भरलेलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्या मताला उत्तर मिळालें तें त्याच्याच एका विद्यार्थिनीकडून. लेटा स्टेटर हॉलिंगवर्थ ही १८८६ मध्यें नेब्रास्कांत जन्मली, तेथें शिक्षिका झाली आणि १९०८ मध्यें लग्नासाठीं न्यूयॉर्कला आली. नवरा तेथें मानसशास्त्राचा अध्यापक होता. न्यूयॉर्कच्या शाळांचा त्या वेळचा नियम असा कीं, विवाहित स्त्रीला शिक्षिकेची जागा नाहीं. शिकलेली, शिकविण्याची आवड असलेली ही बाई मग घरीं बसून स्वयंपाक, शिवण आणि धुणें करीत राहिली. पुढील शिक्षणाला पैसा नव्हता. १९११ मध्यें कोका-कोला कंपनीवर अमेरिकन सरकारनें खटला भरला होता, आणि कॅफीनचा मनुष्याच्या बुद्धीवर काय परिणाम होतो याच्या प्रयोगांचें काम कंपनीनें तिच्या नवऱ्याकडे सोंपविलें. प्रत्यक्ष प्रयोगांवर देखरेख करण्याचें काम बाईंनीं केलें, आणि त्या मोबदल्यांतून तिच्या शिक्षणाची सोय झाली. शास्त्राच्या इतिहासांत शिष्यवृत्तीचीं नाना रूपें आढळतात. सरबताच्या कारखान्याकडून मिळालेली ही बहुधा एकटीच असावी.

थॉर्नडाइकच्या मार्गदर्शनाखालीं तिनें प्रबंधासाठीं विषय निवडला तो धीट होता. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीची बुद्धि व हाताचें कसब मंदावतें, ही समजूत त्या काळीं डॉक्टर मंडळीही निःशंकपणें लिहीत असत. ती कोणीं तपासून पाहिलेली नव्हती. हॉलिंगवर्थनें तेवीस स्त्रिया आणि तुलनेसाठीं दोन पुरुष घेतले व पुष्कळ दिवस त्यांच्या बोटांचा वेग, हाताची स्थिरता, शब्द आठवण्याची तत्परता यांची नियमानें नोंद केली. त्या दिवसांत व इतर दिवसांत फरक आढळला नाहीं. १९१४ मध्यें तिनें हेलन माँटेग्यू हिच्यासह एक हजार मुलगे आणि एक हजार मुली यांचीं जन्मवेळचीं मापें तपासलीं. मुलग्यांत वैचित्र्य अधिक असल्याचें त्यांतून दिसलें नाहीं. मतिमंद म्हणून संस्थांत भरती होणाऱ्यांत पुरुष अधिक कां, याचेंही उत्तर तिनें प्रत्यक्ष कामावरून दिलें. मंदबुद्धीच्या मुलग्याला बाहेरच्या जगांत पोट भरावें लागतें, म्हणून तो लौकर उघडा पडतो; मंदबुद्धीची मुलगी घरांत भांडीं घांसत राहते आणि तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. थोर पुरुषांच्या यादींत स्त्रिया कां नाहींत याचेंही कारण तिनें तेथेंच दाखविलें. ज्या कामांत थोर ठरण्याची सोयच नाहीं त्या कामाला त्यांचें आयुष्य बांधलेलें होतें.

पतीच्या घरीं कोंडली गेलेली ही बाई १९१६ मध्यें डॉक्टरेट मिळवून त्याच कॉलेजांत अध्यापक झाली व १९३९ मध्यें मरेपर्यंत तेथेंच राहिली. उत्तरायुष्यांत तिनें असामान्य बुद्धीच्या मुलांचा अभ्यास केला, आणि आनुवंशिकतेवर तिचाही भर गुरूइतकाच होता, हेंही सांगितलें पाहिजे. ज्या मापानें एक समजूत मोडली त्याच मापाच्या आधारें दुसरी जपली गेली. थॉर्नडाइकच्या बाबतींत कॉलेजानें आपला निर्णय फार उशीरा दिला. त्याच्या नांवाची एक इमारत कॉलेजच्या आवारांत होती; त्याच्या लिखाणांतील वंशद्वेष, स्त्रीविषयक आणि ज्यूविरोधी मतें ध्यानीं घेऊन विश्वस्तांनीं २०२० मध्यें तें नांव एकमतानें काढून टाकलें. मांजराच्या प्रयोगांचें मोल त्यामुळें कमी झालें नाहीं, आणि तें व्हावें असें कोणी म्हटलेंही नाहीं.

मोजणाऱ्यांच्या या पक्षासमोर, त्याच जिन्यावरून वर-खालीं करणारा दुसरा पक्ष होता. जॉन ड्यूई १९०४ मध्यें शिकागोहून कोलंबियांत आला. त्याची नेमणूक तत्त्वज्ञान विभागांत, पण तो टीचर्स कॉलेजांतही शिकवीत असे. तो रस्ता दोन्ही बाजूंनीं ओलांडणाऱ्या थोड्या माणसांपैकीं तो एक. शाळा ही पुढील आयुष्याची तालीम नसून स्वतःच एक जीवन आहे, आणि लोकशाही ही राज्ययंत्राच्या आधीं एकत्र जगण्याची एक रीत आहे, असा त्याच्या शिकवणुकीचा आशय. त्याचा शिष्य विल्यम किलपॅट्रिक यानें १९१८ मध्यें प्रकल्पपद्धतीवर लेख लिहिला, आणि त्याच्या वर्गांत विद्यार्थ्यांची इतकी गर्दी होऊं लागली कीं, त्यांच्या फीच्या रकमेवरून त्याला दशलक्ष डॉलरचा प्राध्यापक म्हणत. मुलानें मनापासून घेतलेला हेतु हा किलपॅट्रिकच्या मतें प्रकल्पाचा प्राण. रात्रीं नऊ वाजतां पुठ्ठा, डिंक आणि रंगीत कागद आणण्यासाठीं बापाला दुकानाकडे पिटाळणारा हल्लींच्या शाळांतील प्रकल्प त्याच घराण्यांतला असला, तरी त्यांत हेतु कोणाचा असतो हें सांगणें कठीण आहे.

ड्यूईच्या विचाराचा महाराष्ट्राशीं आलेला संबंध मात्र थट्टेचा नाहीं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्यें कोलंबियांत दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. ते टीचर्स कॉलेजचे विद्यार्थी नव्हते. पण ड्यूईचीं व्याख्यानें त्यांनीं ऐकलीं, आणि १९३६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणांत त्यांनीं ड्यूईंचा आपले गुरु म्हणून कृतज्ञतेनें उल्लेख केला. समाजांतील गट एकमेकांशीं मोकळेपणानें व्यवहार करीत नसतील तर तेथें समाज म्हणून कांहीं उरत नाहीं, हा त्या भाषणांतला विचार ड्यूईच्या शिक्षणविषयक विवेचनाशीं ताडून पाहण्याजोगा आहे. १९४६ मध्यें मुंबईस सिद्धार्थ कॉलेज उघडणाऱ्या संस्थापकाच्या मनांत मॉर्निंगसाइडचा कोणता वर्ग होता, हें त्यावरून समजतें. १९५२ च्या जूनमध्यें कोलंबियानें बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. ते ती घेण्यास न्यूयॉर्ककडे निघाले असतां त्यांच्या मनांत गुरूंना भेटावयाचें होतें. समारंभ ५ तारखेस होता. ड्यूई १ तारखेस निवर्तले.

चीनमधून या कॉलेजांत आलेला ताओ नांवाचा एक तरुण १९१७ मध्यें मायदेशीं परतला आणि १९२७ मध्यें नानकिंगजवळ त्यानें खेड्यांतील शिक्षकांसाठीं विद्यालय काढलें. त्याचें नांव झिशिंग असें होतें. त्याचा अर्थ आधीं ज्ञान, मग कृति. पुढें स्वतःच्या अनुभवानें त्याला उलट पटलें, आणि त्यानें आपलें नांवच उलटें करून शिंगझी असें घेतलें. मतांतर झाल्यावर नांव बदलणारे विद्वान् विरळाच.

कॉलेजाच्या उन्हाळी वर्गांना अमेरिकेच्या दक्षिणेकडून निग्रो म्हणून संबोधल्या जाणाऱ्या कृष्णवर्णी शिक्षकांच्या टोळ्याच्या टोळ्या येत. यामागें उदारपणापेक्षां एक कायद्याची पळवाट होती. दक्षिणेकडील राज्यांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नसे. तो देणें टाळण्यासाठीं कांहीं राज्यें त्यांना परराज्यांत शिकण्याचा खर्च देत. घरच्या विद्यापीठाचें दार बंद ठेवण्यासाठीं ठेवलेल्या त्या पैशांवर हे शिक्षक आगगाडीचा लांबचा प्रवास करून न्यूयॉर्कला येत, पदवी घेत, आणि परत आपापल्या गांवच्या वेगळ्या, तुटपुंज्या शाळांत रुजू होत. अपमानाच्या रकमेतून त्यांनीं आपल्या मुलांसाठीं शिक्षण विकत आणलें. भारतांतही स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकांत, या कॉलेजांतील अध्यापकांचा एक गट दिल्लीस राहून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस साहाय्य करीत होता.

मोजणारे आणि अनुभवावर भर देणारे हे दोन्ही प्रवाह एकाच विद्यार्थ्याच्या ठायीं कसे मिसळले, याचें उदाहरण कार्ल रॉजर्स याचें आहे. ब्रॉडवेच्या पलीकडे, कॉलेजच्या शेजारींच, युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी ही धर्मोपदेशक तयार करणारी संस्था आहे. रॉजर्स १९२४ मध्यें तेथें दाखल झाला. एका ठराविक धर्ममतावर जन्मभर विश्वास ठेवण्याचें बंधन आपल्याला पेलणार नाहीं, असें वाटून तो समोरच्या टीचर्स कॉलेजांत आला. तेथें त्यानें किलपॅट्रिककडून शिक्षणाचें तत्त्वज्ञान ऐकलें, आणि बिघडलेल्या मुलांना प्रत्यक्ष कसें तपासावें हें लेटा हॉलिंगवर्थकडून शिकला. १९३१ मध्यें त्याला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय मुलांच्या मनाची जुळणी मोजण्याची एक चाचणी हा होता.

रॉचेस्टर शहरांत तो मुलांच्या मार्गदर्शनाचें काम करीत असतांना घडलेली एक गोष्ट त्यानें पुढें लिहून ठेवली आहे. एका दांडग्या मुलाची आई त्याच्याकडे येत असे. मुलगा लहान असतांना तिनें त्याला झिडकारलें हें मूळ कारण आहे, असें रॉजर्सचें निदान होतें. तें तिला पटवून देण्याचा त्यानें अनेक भेटींत हरप्रकारें प्रयत्न केला. बाई शांतपणें ऐकत. पटत कांहींच नसे. शेवटीं त्यानें सांगितलें कीं, दोघांनींही प्रयत्न केला, आतां हें थांबवावें हें बरें. तिनेंही होकार दिला. हस्तांदोलन करून ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिनें विचारलें, येथें मोठ्या माणसांनाही सल्ला देतात काय? देतात, असें उत्तर मिळतांच ती सोडलेल्या खुर्चीवर पुनः येऊन बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याशीं तुटलेल्या संबंधांची हकीकत सांगूं लागली. आतांपर्यंत टिपून घेतलेल्या मुलाच्या इतिहासाशीं तिचा फारसा मेळ नव्हता. रॉजर्सला काय करावें सुचेना, म्हणून तो फक्त ऐकत राहिला. पुढें अनेक भेटी झाल्या. बाईंचा संसार सुधारला, आणि मुलाचें वागणेंही सुधारलें.

टीचर्स कॉलेजच्या इमारतींत आज मानसोपचाराचीं तसेंच वाचा व श्रवण यांच्या दोषांवरील उपचाराचीं केंद्रें आहेत. शिकाऊ विद्यार्थी अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखालीं तेथें काम करतात, आणि आसपासच्या वस्तींतील लोकांना ऐपतीप्रमाणें अल्प शुल्कांत उपचार मिळतात. एखाद्या मुलाला वाचतां येत नाहीं अशी तक्रार घेऊन आई येते. मग आधीं त्याचे कान तपासावयाचे, कीं त्याचें मन, कीं त्याची शाळा, याचा विचार तेथें एकाच छपराखालीं बसून केला जातो.